नंबर एकच्या कुस्तीचा माईक

माझ्या किडन्या कामातून जायला लागल्यात, हे मला मैदानाबाहेर उभ्या उभ्या भेळ खाताना कळलं.

नंबर एकची कुस्ती नुकतीच संपली होती. घसा बसला होता, कानात अजून हलगी वाजत होती आणि मी भेळवाल्याला कांदा वाढव म्हणून सांगत होतो. खिशात फोन थरथरला. बघतो तर माझ्या माईकमधल्या यंत्राचा, 'कानोसा'चा निरोप. तुमच्या आवाजात गेल्या काही महिन्यांत जे बदल झालेत, ते किडनीचा दीर्घ आजार सुरू होत असलेल्या माणसांच्या आवाजाशी जुळतात. धोका जास्त आहे. हे निदान नव्हे. रक्त आणि लघवी तपासून घ्या. बस्स, एवढंच. तोंडातला घास गिळायचा की थुंकायचा, मला कळेना. भेळवाला विचारतोय अजून तिखट टाकू का, आणि मी नुसता त्याच्या तोंडाकडे बघतोय.

मी उत्तम चौगले, कुस्ती निवेदक. पंचगंगेच्या काठापासून वारणेच्या खोऱ्यापर्यंत यात्रा-जत्रांना तांबड्या मातीत जी मैदानं भरतात, तिथं माईक माझ्या हातात असतो. उन्हं कलायच्या आत तोंड उघडतो ते दिवे लागल्यावर मिटतो. कुणी पट काढला, कुणी घिस्सा मारला, कुणाचा दम संपत आला, हे पब्लिकला नुसतं सांगत नाही, डोळ्यापुढं उभं करतो. मध्ये काही गावांनी हौसेनं निवेदन करणारं यंत्र आणलं होतं. त्याला सगळे डाव पाठ, सगळ्या पैलवानांची वजनं पाठ. पण कुस्ती रंगात आल्यावर पोटातनं जी आरोळी येते, ती त्याला कुठनं यायची? पब्लिक उठून उसाचा रस प्यायला जायला लागलं. शेवटी मलाच परत बोलावणं आलं. २०३६ साल असलं म्हणून काय झालं, माती ती मातीच की राव.

लोक म्हणतात, उत्तमचा आवाज लाखात एक. खरं सांगू का, तो आवाज माझा नाही. तो हिंदुराव वस्तादांचा. भादवड्याच्या आमच्या तालमीत त्यांनी मला पोरवयात मातीत उतरवलं. पुढं खांदा निखळला आणि माझी कुस्ती सुटली, पण वस्ताद सुटले नाहीत. आखाड्यातल्या मातीच्या हौद्याच्या काठावर बसून ते ज्या पट्टीत ओरडायचे, वाक्य चढवायचे, वर धरून ठेवायचे आणि शेवटी शड्डू ठोकल्यासारखं खाली आपटायचे, ते सगळं माझ्या घशात उतरलं. डोळे मिटून ऐकलं तर माईकवर गुरू आहे का चेला, सांगता येत नाही, असं जुनी माणसं म्हणतात. हे ऐकलं की माझी छाती दोन इंच फुगते.

आणि एक गोष्ट या मुलखात कुणाला सांगावी लागत नाही. मी दिवसभर कितीही बोललो तरी नंबर एकची, म्हणजे मैदानातली सगळ्यात मोठी आणि शेवटची कुस्ती वस्तादच पुकारतात. मी माईक त्यांच्या हातात देतो, पाया पडतो आणि बाजूला होतो. ते दोन्ही पैलवानांची नावं, गावं, तालमी सांगतात, दोघांचे हात एकमेकांत देतात आणि मगच हलगी वाजते. वीस वर्षांत यात खंड नाही.

आता कानोसाचं सांगतो. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर सायमा मुल्ला म्हणून तिशीची एक मुलगी आली. तिचे आजोबा नावाजलेले पैलवान, आणि शेवटची चार वर्षं त्यांची डायलिसिसवर गेलेली. कुस्ती सुटली तरी खुराक सुटला नाही, ही आमच्या पैलवानांची जुनी खोड. जोर-बैठका बंद, पण दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण चालूच. मग साखर वाढते, रक्तदाब वाढतो, पोट पुढं येतं, आणि तपासायला चल म्हटलं की उत्तर ठरलेलं, पैलवानाला काय होतंय? तेव्हा सायमा डॉक्टरांनी ठरवलं, माणूस दवाखान्यात येत नाही ना, मग दवाखान्यानंच त्याच्या तोंडापर्यंत जायचं.

त्यांनी मला समजावलं ते असं. बोलताना छातीतली हवा वर येते आणि घशातल्या दोन नाजूक पडद्यांमधून जाते. ते पडदे सेकंदाला शंभर-दीडशे वेळा मिटतात आणि उघडतात, त्याचा आवाज होतो. अंगात पाणी साठायला लागलं की ते पडदे केसभर सुजतात. रक्त कमी झालं की एका दमात निघणारं वाक्य चार शब्दांनी आखूड होतं. साखरेनं नसा दुखावल्या की स्वरात बारीक कंप येतो. हे आपल्या कानाला कळत नाही आणि घरच्यांना तर मुळीच नाही, कारण रोज ऐकणाऱ्याला बदल जाणवत नाही. कानोसानं मात्र हजारो आजारी आणि धडधाकट माणसांचे आवाज ऐकून या खुणा शिकून घेतलेल्या. तो तुमचा आजचा आवाज तुमच्याच मागच्या आवाजाशी ताडून बघतो आणि खूण दिसली की सांगतो, जा, तपासून ये. किडनी फार सोशिक असते. निम्म्याहून जास्त निकामी होईपर्यंत ती कुरकुर करत नाही आणि कुरकुर करते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून आधी कळण्यालाच किंमत.

चिंचोक्याएवढी ती वस्तू डॉक्टरांनी माझ्या माईकच्या दांड्यात बसवली. दिवसभर बोलून पोट भरणाऱ्यांसाठी बनवलेली, एक माईक एक माणूस अशा हिशेबाची. शेजारून कुणी बोललं, गर्दी ओरडली, तर तो आवाज ती गाळून टाकते. तरी डॉक्टरांनी बजावलं होतं, काका, हा माईक दुसऱ्या कुणाला देऊ नका. मी हसलो होतो. निवेदक आपला माईक दुसऱ्याला देतोय होय, म्हणालो.

तर भेळ टाकून मी घरी आलो आणि सारिकाला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. कसली रडते! उठली, लोणच्याची बरणी उचलली आणि शेजारी नेऊन दिली. दुसऱ्या दिवसापासून घरात मिठाचा डबा कुलपात. मटण बंद, पापड बंद, तांब्याभर दुधाचा अर्धा कप झाला. पहाटे मला ढकलून फिरायला काढायची आणि मागनं स्वतः यायची, मी वाटेत वडापावच्या गाडीवर थांबतो की काय म्हणून.

मी मुकाट सगळं केलं. एक सोडून. रक्त तपासलं नाही. आज जातो, उद्या जातो, मैदान आहे, पाहुणे आलेत, असं करत महिने ढकलले. भीती वाटत होती हो. तपासलं नाही तोवर धोकाच असतो, तपासल्यावर आजार होतो, असं माझं डोकं सांगत होतं. चार हजारांच्या गर्दीपुढं गर्जना करणारा गडी एका सुईला घाबरत होता.

तालमीत थंडाईचा पेला नको म्हटला तेव्हा वस्तादांनी माझी चांगलीच खेचली. उत्तमला आता बाळगुटी आणा रं, म्हणाले. पोरं हसली. मीही हसलो, पण आतून पार खचलो होतो. वस्ताद पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. कोपरीच्या खिशातनं एक गोळी काढली आणि थंडाईबरोबर घेतली. गुडघेदुखीची ती गोळी ते रोज घेतात, कधी दोन, कधी तीन, हे सगळ्या तालमीला ठाऊक. त्यांचे घोटे सुजून वहाणेचे पट्टे कातड्यात रुतले होते. हे सगळं मला दिसलं होतं. पण त्या दिवसांत मला जगात दोनच किडन्या माहीत होत्या, माझ्या.

शेवटी सारिकानं दंडाला धरून नेलं आणि रक्त काढवलं. दोन दिवसांनी निकाल आला. क्रिएटिनिन झकास, साखर झकास, लघवीत काही नाही. सगळं कसं स्वच्छ! सारिकानं कुलपातलं मीठ काढून देवापुढं ठेवलं. मी अंगणात शड्डू ठोकला, कुस्तीची लांग नाही चढवली एवढंच. दुपारी पोटभर तांबडा-पांढरा रस्सा ओरपला आणि तडक दवाखाना गाठला, त्या चिंचोक्याची आणि डॉक्टरांची हजेरी घ्यायला. तुमच्या यंत्रानं मला सुतक पाळायला लावलं, माझी लोणच्याची बरणी गेली, जे तोंडाला येईल ते बोललो. आरोळी माझी, बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तुमचा निकाल चांगला आला याचा मला आनंदच आहे, पण यंत्र एवढ्या ठामपणे का बोललं ते बघू. त्यांनी पडद्यावर माझी सगळी मैदानं उघडली. मैदानाची एक एक लांब हिरवी पट्टी, आणि जिथं आजाराची खूण सापडली तिथं तांबडा रंग. बघतो तर तांबडा रंग प्रत्येक मैदानाच्या शेवटी. सुरुवातीला नाही, मध्ये नाही, फक्त शेवटी, आणि तोही थोडाच वेळ. तुम्ही दमल्यावर होत असेल असं यंत्राला वाटलेलं दिसतंय, असं म्हणत डॉक्टरांनी एक तांबडा तुकडा लावला.

"मंडळी, आता डोळ्यांत तेल घालून बघा," पडद्यातून आवाज आला, "नंबर एकची कुस्ती मातीत येतीया."

"हा तुमचाच आवाज ना, काका?"

तो माझा आवाज नव्हता. तो वस्तादांचा होता. माईक दुसऱ्याला देऊ नका म्हटलं होतं, आणि मी दिलाच नव्हता! वस्तादांना दिला होता. वस्ताद म्हणजे दुसरा माणूस, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आणि यंत्र तरी काय करणार? शेजाऱ्याचा, गर्दीचा, पाहुण्यांचा आवाज त्यानं बरोब्बर गाळला होता. पण माझ्या घशात ज्यांचा आवाज उतरलाय, त्यांचा आवाज त्याला माझाच वाटला. मी सकाळपासून ज्या आनंदात उड्या मारत होतो त्या आनंदाची मला लाज वाटली.

डॉक्टर खुर्चीवर मागं टेकल्या. आपण दोघांनी हे ऐकायलाच नको होतं, म्हणाल्या. आवाज ज्याचा, धोकाही त्याचा आणि तो कळण्याचा हक्कही त्याचाच. तालमीत, घरी, सारिकाकाकूंनाही यातलं काही बोलायचं नाही. फक्त त्यांना सांगायचं, आणि लवकर सांगायचं. त्या गोळ्यांचं मी सांगितल्यावर तर त्यांनी कपाळाला हात लावला. रक्तदाब असला आणि वरनं ती दुखण्यावरची गोळी, म्हणजे किडनीवर दोघांनी मिळून बसायचं, असं त्या म्हणाल्या. वस्तादांना रक्तदाब आहे की नाही हेही कुणी कधी तपासलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तालीम रिकामी असताना मी वस्तादांना सगळं सांगितलं. मैदानावर कधी अडखळलो नसेन तेवढा अडखळलो. ते शांतपणे ऐकत राहिले. मला वाटलं, पटलं. मग म्हणाले, "तुझ्या त्या यंत्राला म्हणावं, ये आखाड्यात. माझी पाठ मातीला लावून दाखव." मी पुन्हा सांगायला गेलो, तर उठले आणि हौद्यातली माती खोऱ्यानं उकरायला लागले. माझ्याकडे न बघता एवढंच बोलले, की इथून पुढं त्या माईकला मी हात लावणार नाही. त्यानंतर पंधरवडा आमचं बोलणं बंद. समोर आलो तर ते भिंतीवरच्या हनुमंताच्या तसबिरीकडे बघायचे.

आणि आली भादवड्याची यात्रा. आमच्या घरचं मैदान! नंबर एकची कुस्ती या वर्षी पोरींची होती, आणि त्यातली एक आमच्याच तालमीची समृद्धी जाधव. वस्तादांनी म्हातारपणी तयार केलेली ती शेवटची पैलवान. समोर सोलापूरकडची, दोनदा राज्य जिंकलेली ताकदवान पोरगी. डोक्यावर कॅमेरे भिरभिरतायत, घराघरांत लोक भिंतीएवढ्या पडद्यांवर बघतायत, माळावर पाय ठेवायला जागा नाही. मी दुपारपासून बोलत होतो आणि निम्मं लक्ष हौद्याच्या काठावर बसलेल्या फेट्याकडे होतं.

दोघी मातीत उतरल्या. हलगीवाल्यानं काठी उचलली. मी नेहमीप्रमाणे वस्तादांच्या पाया पडलो आणि माईक पुढं धरला. त्यांनी घेतला नाही.

मी तसाच उभा. गर्दीला आधी कळलं नाही. मग पुढच्या रांगा गप्प झाल्या, मग मागच्या. हलगी थांबली. एवढा माळ, आणि लहान पोराचं रडणं तेवढं ऐकू येतंय. समृद्धी कमरेवर हात ठेवून वस्तादांकडे बघत होती. कमिटीचा एक जण माझ्या कानाशी येऊन म्हणाला, उत्तमराव, तुम्हीच पुकारा की, आवाज तर एकच आहे. खरं होतं. मी पुकारली असती तर निम्म्या माळाला कळलंही नसतं. पण मी पुकारली असती तर वस्ताद माझ्या हातून सुटले असते, कायमचेच.

मी माईक बंद केला आणि त्यांच्यापुढं मातीत बसलो.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. माझ्या पहिल्या मोठ्या मैदानाआधी समोरच्या गावातनं जोड, म्हणजे माझ्याशी लढायला पैलवान, आली, लढतोस का म्हणून. मी लगेच हो म्हटलं. वस्तादांनी एक थोबाडीत दिली, सायकलवर डबलसीट घेतलं आणि त्या गावच्या तालमीच्या मागं नेलं. खिडकीच्या फटीतनं तो पोरगा दाखवला. त्याचे पाय बघ, म्हणाले, उजवा जड पडतोय. ज्याला बघितलं नाही त्याच्या हातात हात द्यायचा नाही. बघून मग नको म्हण, हो म्हण, तुझी मर्जी.

"वस्ताद," मी म्हणालो, "मी तुमची जोड लावत नाही. लढा म्हणत नाही, औषध घ्या म्हणत नाही. तुम्ही मला खिडकीतनं बघायला लावलं होतं, तेवढं एकदा बघून या. मी चार महिने न बघता लढलो. माझ्याइतका मूर्ख कोणी नसेल. तुम्ही तरी तसं करू नका."

त्यांनी हात उचलला. मला वाटलं, आता दुसरी थोबाडीत बसणार. मग त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, तोच निखळलेला खांदा, आणि उठले.

"चालू कर ते," म्हणाले.

मी बटण दाबलं. माईक ऐकतोय हे त्यांना माहीत होतं. तरी ते त्यात बोलले, आणि असे बोलले, की माळाच्या टोकाला झाडावर बसलेली पोरंसुद्धा सावरून बसली. समृद्धीचं नाव, गाव, तालीम. सोलापूरच्या पोरीचं नाव, गाव, तालीम. दोघींचे हात एकमेकींत दिले. हलगीवाल्यानं काठी उचलली, पण वस्तादांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"मंडळी, अजून एक जोड पुकारायची हाय," ते म्हणाले. "एका बाजूला हिंदुराव कृष्णा खोत, भादवडे तालीम. दुसऱ्या बाजूला कोण हाय, अजून ठावं न्हाई. उद्या सकाळी दवाखान्यात जाऊन बघून येतो. लावा आता हलगी."

अहो, काय तो गलका! काय घडतंय हे निम्म्यांना कळलं नव्हतं, तरी फेटे हवेत. मी रडतोय का ओरडतोय मलाच समजेना. समृद्धीनं त्या दिवशी पहिल्या झोंबीतच एकेरी पट काढला, सोलापूरच्या पोरीनं तो हिसकला, पुन्हा काढला, पुन्हा हिसकला. शेवटी मोळी बांधावी तशी तिला गुंडाळून समृद्धीनं आकाश दाखवलं. त्या कुस्तीचं मी काय वर्णन केलं, मला आजही आठवत नाही. ऐकणारे म्हणतात, आयुष्यातलं सगळ्यात भारी होतं.

सकाळी वस्ताद धुतलेला फेटा बांधून दवाखान्यात आले, लग्नाला निघाल्यासारखे. सुई टोचताना ते सुईकडेच बघत होते. निकाल आला तेव्हा मला बाहेर थांबा म्हणतील असं वाटलं, पण त्यांनी मला मनगटाला धरून शेजारी बसवलं. किडन्या निम्म्यावर आल्या होत्या. रक्तदाब कधीचा वाढलेला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गेलं ते परत येत नाही, म्हणाल्या, पण अजून वेळ आहे. ती गुडघ्याची गोळी आजपासून बंद, रक्तदाबाचं औषध सुरू, खुराक मी सांगेन तेवढा. नीट सांभाळलं तर जिथं आहे तिथं पुष्कळ वर्षं थोपवून धरता येईल. माझ्या आजोबांना ही संधी मिळाली नाही, हे सांगताना त्यांचा आवाज जरा बदलला. ते ओळखायला कानोसाची गरज नव्हती.

"म्हंजी चितपट न्हाई," वस्ताद म्हणाले. "बरोबरीत सोडवायची."

"हो. पण ती बरोबरी रोज धरून ठेवायची," डॉक्टर म्हणाल्या.

बरोबरीत सुटलेल्या कुस्तीचा त्यांच्याइतका तिरस्कार करणारा मी दुसरा बघितला नाही. अशी कुस्ती झाली की ते मैदान सोडून जायचे. आता ते स्वतःच बरोबरीसाठी लढायला लागले, आणि कसे! तालमीच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं, वस्तादांसमोर थंडाई प्यायची नाही. गुडघ्याला शेक, पाण्यात चालणं, अळणी आमटी. शिव्या चालूच, पण गोळ्या वेळेवर.

आणि मैदानावरचं ते पुकारणं कॅमेऱ्यांनी गावोगावी नेलं होतं. पुढच्या महिन्यात डॉक्टरांना घेऊन मी एका मैदानाला गेलो तर जुन्या पैलवानांची ही रांग, माईकवर बोलायला! पोटं सुटलेले, कान मोडलेले, एकेकाळचे वाघ. तपासणीला या म्हटलं असतं तर एक आला नसता. पण हिंदुराव वस्तादांनी केलं ते आम्हालाही करायचं, असं म्हणत आलेले. कोणी नुसतं नाव सांगितलं नाही. प्रत्येकानं गाव, तालीम, आपल्या वस्तादाचं नाव आणि चितपट केलेल्यांची यादी सांगितली, डॉक्टर पुरे म्हणेपर्यंत. डॉक्टरांनी त्यांच्यासाठी वेगळा माईक आणला होता, मागचा आवाज नसला तरी आजाऱ्यांच्या आवाजाशी ताडून बघणारा. त्या यंत्रानं बऱ्याच जणांना दवाखान्याची वाट दाखवली, आणि एकानंही पैलवानाला काय होतंय असं म्हटलं नाही.

परवा डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं. वस्तादांच्या किडन्या वर्षभरात जागच्या हललेल्या नाहीत. ते ऐकून मी टेबलावर थाप मारली, पाणी सांडलं. मग डॉक्टर म्हणाल्या, आता यंत्राची ती चूकही दुरुस्त करू. कानोसाला नव्यानं शिकवलंय, आता तो जुळ्या भावांचे आवाजसुद्धा वेगळे ओळखतो. तुम्ही दोघं एकच वाक्य बोला.

आधी वस्ताद बोलले, "मंडळी, आता डोळ्यांत तेल घालून बघा." मग मी तेच बोललो. यंत्रानं विचार केला. एरवी ते पापणी लवायच्या आत सांगतं, या वेळी जरा जास्तच वेळ घेतला. मग पडद्यावर अक्षरं आली, माणूस एकच आहे.

डॉक्टर ओशाळल्या, पुन्हा शिकवते म्हणाल्या, तोवर दोघांना दोन माईक घ्या म्हणाल्या. वस्तादांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले.

"एकच हाय न्हवं?" ते म्हणाले. "मग गोळ्या तू खा. दूध मी पितो."